क्लिपांनी जमीन सपाट होत नाही

‘चार बाय दोन फुटांच्या टाइलसाठी जुनी फरशी काढू नका, जमीन सपाट करण्यात पैसे घालवू नका. अ‍ॅडहेसिव्ह जाड लावा, लेव्हलिंग क्लिपा घाला, सांधा सोडू नका; दोन दिवसांत हॉल तयार.’ हा सल्ला सध्या मोबाइलवर जोरात फिरतो आहे, आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत जुनी घरं नवी करणारे लोक तो गवंड्याला ऐकवतात. त्यातलं थोडं बरोबर आहे. बाकीचं टाइल पोकळ वाजवणारं आहे.

सगळ्यात मोठी चूक क्लिपांबद्दलची, म्हणून आधी तीच. अ‍ॅडहेसिव्ह घट्ट होईपर्यंत शेजारच्या दोन टाइलांच्या कडा एका उंचीत धरून ठेवणं, एवढंच क्लिपेचं काम. खालचा खड्डा खड्डाच राहतो. समजा तो ६ मिमी खोल आहे. १० मिमी दातांच्या थापीनं ओढलेल्या रेघा टाइल दाबल्यावर चेपून निम्म्या होतात, ४-५ मिमीचा थर उरतो. चार फुटी टाइल खड्ड्याच्या काठांवर टेकते आणि मधे माल तिच्या पाठीला लागतच नाही. क्लिपेनं कड वर ओढली, तर चिकटलेला मालही सुटतो आणि कोपरा पोकळ राहतो. वरून सगळं आरशासारखं दिसतं. पुढं कधी कपाटाचा पाय नेमका त्या कोपऱ्यावर येतो किंवा हातातला बत्ता पडतो, आणि टाइल तडकते.

मग जमीन किती सपाट हवी? १५ इंच किंवा त्याहून लांब बाजूच्या टाइलला ३ मीटरमध्ये ३ मिमी, आणि २ फुटांत दीड मिमी. याहून जास्त खालीवर चालत नाही. तपासायला दहा फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी धारेवर उभी ठेवा आणि खोलीभर आडवी, उभी, तिरपी फिरवा. फट मोजायला एटीएम कार्ड पुरतं. साध्या, अक्षरं न उठलेल्या कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. दोन कार्डं म्हणजे दीड मिमी, चार म्हणजे ३ मिमी. पट्टीखालून चार कार्डं सहज सरकली तर तिथं खडूनं गोल करा. पट्टी डुगडुगली तर तो उंचवटा. उंचवटा आधी ग्राइंडरनं घासायचा, खड्डे नंतर भरायचे. उलट केलं तर एका टेंगळापायी अख्खी खोली उचलावी लागते.

फुटभर स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधे आला म्हणून जमीन सपाट ठरत नाही. लेव्हल वेगळी, सपाटी वेगळी. न्हाणीघराची जमीन ढाळात असूनही सपाट असते, आणि तशीच हवी.

‘अ‍ॅडहेसिव्ह जाड लावलं की खड्डे भरतात.’ साधं अ‍ॅडहेसिव्ह ३ ते ६ मिमीच्या थरासाठी बनवलेलं असतं. एका टाइलखाली कुठं ४ मिमी, कुठं १४ मिमी माल असला तर जाड जागी तो सुकताना जास्त आकसतो आणि काल जुळलेली कड आज खाली बसते. पैसेही वाचत नाहीत. १२ बाय १५ फुटांच्या खोलीत सरासरी ५ मिमी भरायला सेल्फ लेव्हलिंगच्या (ओतल्यावर आपोआप पसरून सपाट होणारा सिमेंटचा माल) २५ किलोच्या साधारण सहा पिशव्या लागतात (१ चौरस मीटरला दर मिमीमागे सुमारे १.७ किलो). जादा अ‍ॅडहेसिव्हही जवळपास तेवढंच जातं. सेल्फ लेव्हलिंगआधी प्रायमर मात्र मारायलाच हवा. नाहीतर कोरडा कोबा पाणी शोषून घेतो, माल पसरायच्या आत थिजतो आणि वर पापुद्रा सुटतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं तर वर पांढरी कच्ची साय येते. खोली दीड-दोन इंच खाली असेल तर सरळ १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कोबा घाला आणि किमान ७ दिवस पाणी मारा.

‘जुनी फरशी काढू नका.’ फरशी पक्की असेल तर हे खरं आहे. प्रत्येक शहाबादी लाकडी हातोडीनं ठोकून बघा. भरीव आवाज आला तर राहू द्या, डबडब वाजली तर काढून खालची जागा भरा. राहिलेल्या फरशीवरचं तेल, मेण, पॉलिश घासून अंग खरबरीत करा. दारंही आधीच बघा: ५ मिमी माल आणि ९ मिमी टाइल मिळून १४ मिमी चढतं, उंबरा बुडतो, दार घासतं. निपाणी-चिकोडीकडं काळ्या मातीवरची जमीन पावसात फुगून उन्हाळ्यात बसली असेल, तर वर काहीही चिकटवू नका. भराव उकरा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मसनं ठोका, त्यावर काँक्रीट आणि मग कोबा.

‘सांधा सोडू नका.’ किमान २ मिमी सोडाच, आणि भिंतीकडेनं ६ मिमी. ते स्कर्टिंगखाली झाकलं जातं. जागा नसली तर ऊन येणाऱ्या सोप्यात टाइल तापून वाढतात, एकमेकींना ढकलतात आणि मधली ओळ तंबूसारखी उठते. लांब टाइल विटांच्या बांधकामासारखी अर्ध्यावर सरकवूही नका. तिला मधे किंचित बाक असतो, म्हणून सरक एक तृतीयांशापर्यंतच ठेवा.

बसवताना टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या स्पंजनं पुसा, पाठीला अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात द्या, जमिनीवर रेघा एकाच दिशेनं ओढा. पहिली टाइल बसवून लगेच उचला. खोलीत पाठ किमान ८० टक्के, न्हाणीघरात आणि बाहेर ९५ टक्के भरलेली दिसली पाहिजे. रेघा तशाच उभ्या दिसल्या तर दाब कमी पडला किंवा खाली खड्डा आहे.

आणि ‘दोन दिवसांत’. खानापूर-कणकुंबीच्या पावसाळ्यात नवा कोबा दोन दिवसांत वाळत नाही. दीड फूट प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर टाइलांचे बॉक्स अजून फोडू नका.