अंगठेबहाद्दर

आजोबा सावकाराकडे अंगठा उठवायचे म्हणून बाबांनी आम्हाला शिकवलं, आणि शिकूनसवरून मी रोज सकाळी ऑफिसच्या दारात काय करतो तर अंगठाच उठवतो. त्यात नेमकी त्याच उजव्या अंगठ्यावर, नखाला चिकटून पार रेषांवर पसरलेली चामखीळ. बायोमेट्रिकचं मशीन लाल दिवा लावून परत लावा परत लावा करायचं, मागे रांग, मी लेट. एचआरच्या मॅडमना कारण सांगितलं तर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "दुसरं बोट रजिस्टर करू, पण आधी ते मशीन पुसून घ्या."

चामखीळ दिसली की समोरच्याच्या अंगात वैद्य संचारतो. सोसायटीच्या वॉचमनने चुना-सोडा सांगितला, तो लावला, तर चामखीळ ढिम्म आणि आजूबाजूची चांगली कातडी मात्र सोलून निघाली. कुणी रुईचा चीक, कुणी अगरबत्तीचा चटका (हा सल्ला देणाऱ्याकडे मी अजून जात नाही). पण आत्याचा उपाय या सगळ्यांवर कडी, घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, रक्त थांबतं आणि आपोआप गळून पडते म्हणे. चुलतभावाच्या वरातीत सगळे बँडसमोर नाचतायत आणि आत्या पैठणी सावरत घोडीच्या मागे. घोडीवाला ओरडतोय "ओ मावशी, लाथ घालंल ती!" तरी पन्नास रुपये देऊन तीन केस मिळवलेच तिने, रुमालात गुंडाळून आणले. आता फास बसायला मान लागते, आणि माझी चामखीळ बसकी. बांधलेला केस दुपारी जेवताना वरणात सापडला. बाकीचे दोन पाकिटात ठेवले, आत्याला दाखवायला.

मग स्किनच्या डॉक्टर. आधी सॅलिसिलिक अ‍ॅसिडची नेलपॉलिशसारखी ब्रशवाली बाटली, रोज रात्री कोमट पाण्यात अंगठा बुडवून बसायचं, खरवडायचं, लावायचं, तीन महिने मी एवढा वेळ स्वतःच्या तोंडालाही दिलेला नाही. नाहीच गेली. मग लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ डिग्री. टम्म फोड आला, पापुद्रा गळाला, मी पेढे वाटायचाच बाकी होतो आणि महिनाभरात ती परत, मधे खड्डा आणि भोवती कडं, डिट्टो मेदूवडा. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "होतं असं कधीकधी, व्हायरस कडेला शिल्लक राहतो. एचपीव्ही म्हणतात त्याला, शंभराच्या वर प्रकार आहेत. नखं कुरतडता का?" मी गप्प. बायको म्हणाली, "मॅच असली की दहाच्या दहा."

"लेसर करून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. रात्री झोप कसली, मोबाईलवर वाचत बसलो, तर कळलं की हा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला आणि हे पटेल जन्माने बारामतीचे, इंजिनिअर झाले आपल्या पुण्याच्या सीओईपीत! निम्मी भीती तिथेच गेली. बारामतीहून सूत्रं हलली की अडलेलं काम होतं हे आपण लहानपणापासून ऐकतोच.

दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "सर, डिजिटल ब्लॉक करणारे." मला वाटलं यूपीआय अडकलं, मी घाईघाईने कार्ड काढलं. तर ते म्हणजे बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई घालून अख्खं बोट बधिर करणं. लेसर दुखतो का असं आता मला जो कुणी विचारतो त्याला मी सांगतो, लेसर नाही रे, सुई! दुसऱ्या सुईला मी जो आवाज काढला त्याने बाहेर वेटिंगमधलं एक पोरगं रडायला लागलं. नंतर मात्र अंगठा माझा राहिलाच नाही. डोळ्यांवर गॉगल, धूर ओढणारा पाइप शेजारी घुंईं करतोय, एक लाल ठिपका चामखिळीवर फिरतोय. खरा किरण दिसतच नाही म्हणे, तो ठिपका नुसता नेम धरायला, आणि पेशींमधल्या पाण्याची वाफ होऊन ती थराथराने उडत जाते. वास मात्र केस जळल्याचा, मला घोडीच आठवली. "मुळासकट काढा हं," मी म्हटलं. "मुळं नसतातच हो हिला, ते काळे ठिपके दिसतात ना, त्या रक्त गोठलेल्या बारीक नळ्या." दहा मिनिटांत खेळ खलास, उरला एक खळगा.

खरी गंमत पुढे. हात खाली सोडला की ठणका, म्हणून अंगठा उभा, त्यावर हे एवढं पांढरं ड्रेसिंग. आठवडाभर मी जगाला थम्स अप करत फिरलो. रिकाम्या रिक्षा थांबायच्या. साहेब म्हणाले शनिवारी याल ना, मी काही बोलायच्या आत त्यांनी अंगठा बघितला आणि "गुड" म्हणून गेले. एका दहाव्याला गेलो तिथे तर हात खिशात घालून उभा राहिलो, ठणकला तर ठणकला.

दोन महिने झाले, अंगठा गुळगुळीत, मशीनचा हिरवा दिवा लागतो. परवा आत्याचा व्हिडिओ कॉल आला. "पडली ना शेवटी? अरे केसाला वेळ लागतो, तुम्हाला धीर नाही. ते उरलेले दोन जपून ठेव, शेजारच्या वहिनींच्या मानेवर आलीये." काही न बोलता मी कॅमेऱ्यासमोर अंगठा दाखवला. तिला वाटलं ओके म्हणतोय.