आधी आग, मग गंज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जळालेल्या टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याच्या माझ्या १:३५ (म्हणजे पस्तीसपट लहान) मॉडेलमधला गंज तुम्हाला भडक आणि खोटा वाटला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात असा एकही रणगाडा नाही, आणि नाशिकमधल्या अंबडच्या भंगारातून खऱ्या गंजाचा भुगा आणून चिकटवला असता तर रंगांचा खटाटोप वाचला असता, असं तुमचं म्हणणं. भडकपणाचं मान्य. तोफेच्या नळीवरचा नारंगी जास्तच झालाय. बाकीचं पटत नाही.

नगरचे रणगाडे निगा राखलेले, रंगवलेले आहेत. जळालेल्या गाडीसाठी ते नमुना कसे होतील? आग आतून लागली की इंजिनावरच्या झाकणांपाशी आणि टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) दारांभोवती रंग जळून जातो, आणि उघडं पडलेलं पोलाद थोड्याच दिवसांत नारंगी होतं. आग पोचलीच नाही तिथे, बहुधा पुढच्या खालच्या उतरत्या प्लेटवर, मूळ हिरवा टिकून राहतो. या दोन्हींच्या मधे काजळीचा काळा आणि करपलेल्या रंगाचा राखाडी पट्टा. वर्षं गेली की नारंगीचा काळपट तपकिरी होतो. म्हणजे आग कुठे लागली आणि त्याला किती काळ लोटला, हे ब्रश उचलण्याआधीच ठरायला हवं. नाहीतर सगळी गाडी विटेसारखी एकरंगी दिसते.

‘मॉडेल खाली बसलंय, बांधणी चुकली’ असंही तुम्ही लिहिलंय. ते मुद्दाम आहे. टी-५५ ला दर बाजूला पाच चाकं, प्रत्येकाला रबराची धाव. आगीत ती धाव जाते, चाकाच्या कडेला फिकी राख उरते. किटमधली रबराची कड कानशीने साधारण १ मिमी घासून काढली की हे साधतं. शिवाय फार तापल्यावर टॉर्शन बारचं (चाकांना स्प्रिंगसारख्या तोलून धरणाऱ्या पोलादी दांड्यांचं) पाणी उतरतं आणि गाडी पोटावर येते. त्यासाठी चाकांचे आर्म कापून वरच्या कोनात पुन्हा चिकटवावे लागतात. मग चाकांवरून फिरणारा साखळीपट्टा सैल पडून चाकांवर लोळतो; तो ताणलेला ठेवला तर सगळी मेहनत फुकट. (जाता जाता: एम-११३ या अमेरिकी चिलखती गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची असते, तरी तिच्यावर नारंगी गंज चढवणारे महाभाग आहेतच.)

चेपलेल्या मडगार्डबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण खरी चूक तिथे होते. किटचं १ मिमी जाड प्लास्टिक म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिमी पोलाद. ते तापवून वाकवलं तर चिलखत वितळल्यासारखं दिसतं. ०.१ मिमी पत्रा म्हणजे साडेतीन मिमी, हे हिशेबात बसतं. त्यासाठी वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरचं धातूचं वेष्टण उत्तम, आणि नाशिकात त्याला काय तोटा? फक्त प्लास्टिकचं वेष्टण घेऊ नका, ते चेपलेलं राहत नाही.

आता भुगा. खरा गंज वापरता येतो, पण भंगारातला खवला ०.२ मिमीचा असला तरी मापात ७ मिमीचा ढेकूळ होतो. खलात कुटून मलमलीतून गाळला तर चालेल. घरी व्हिनेगर-मीठ टाकून लोखंडी कीस गंजवणार असाल तर तो दोन-तीनदा धुवून वाळवा. राहिलेलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि डाग फुटतात. आणि तरीही हा भुगा एकाच छटेचा असतो. खालचे थर रंगानेच द्यावे लागतात.

ते थर असे: गडद तपकिरी, त्यावर स्पंजने तुटक नारंगी, वर लॅकर वार्निश, मग २४ तास हात लावायचा नाही. त्यानंतर हेअरस्प्रेचे दोन हलके हात, २० मिनिटांनी पाण्यात पातळ केलेला हिरवा ॲक्रिलिक. अर्ध्या तासाने पाणी लावून ताठ ब्रशने खरवडायचं, म्हणजे हेअरस्प्रे विरघळून हिरवा तुटक निघतो आणि खालचा गंज दिसतो. हा ॲक्रिलिक रंग पाण्याऐवजी लॅकर थिनरने पातळ केला तर तो खालच्या हेअरस्प्रेत मुरतो आणि खरवडताना निघतच नाही. हा अर्धा तास हिवाळ्याचा. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये रंग ओलसर राहतो आणि पापुद्र्याने निघतो, मेमध्ये उलट घट्ट बसतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांतच हात घालावा. दमट दिवशी लॅकर मारू नका, पांढुरका होतो.

नळी सुधारता येईल. बर्न्ट अंबर तैलरंग पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवून तेल शोषू द्यायचं, मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नारंगीवर दोन झिरझिरीत हात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर अजिबात नको, प्लास्टिकच विरघळेल. पहिला हात वाळल्यावरच दुसरा, कारण ओला असताना रंग गडद दिसतो आणि माणूस लवकर थांबतो.