मुसके
मळणीच्या वेळी बैलाने खळ्यातल्या कणसांना तोंड लावू नये म्हणून त्याला दोरीचे मुसके बांधतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. वयाच्या ५३ व्या वर्षी तसलेच काहीतरी आपल्याही तोंडाला बांधून घ्यावे लागेल, हे मात्र ठाऊक नव्हते.

माझ्या घोरण्याला विटून घरच्यांनी मला झोपेच्या तपासणीला धाडले. अंगभर वायरी चिकटवून काढलेल्या त्या रात्रीचा निष्कर्ष असा, की झोपेत माझा श्वास तासाला सरासरी ३२ वेळा अडतो किंवा मंदावतो. मग सीपॅप नावाचे यंत्र घरात आले. नाकावरच्या मास्कमधून ते रात्रभर दाबाने हवा सोडते आणि त्या दाबामुळे घशातली वाट मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला आणि सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली, ही माहिती मी पत्नीला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली. “तरीच,” एवढेच ती म्हणाली.

यंत्र चोख होते; घात केला तो माझ्या जबड्याने. डोळा लागला की तो खाली लोंबे, तोंडाचा आ होई आणि नाकाने आत गेलेली हवा फुर्रर्र करत तोंडावाटे निघून जाई. पहाटे घशाला अशी कोरड पडलेली असे, की पहिला शब्द बाहेर येण्याआधी अर्धा तांब्या पाणी आत जावे लागे. नाक नीट मोकळे असल्याची खात्री करून घेऊन (चोंदल्या नाकाच्या माणसाचे तोंड बांधणे हा उपचार नव्हे, गुन्हा आहे) डॉक्टरांनी हनुवटीचा पट्टा सुचवला आणि नुसत्या पट्ट्याने श्वास अडायचा थांबत नाही, यंत्र लावायचेच, हेही बजावले.

हा पट्टा काळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा असून हनुवटीखालून निघतो, गालांवरून चढतो आणि टाळूवर वेल्क्रोने चिकटतो. सैल बांधला तर मध्यरात्री मागे घसरून उशीवर पडतो. करकचून बांधला तर जबड्याला वर उचलण्याऐवजी मागे ढकलतो, त्याच्याबरोबर जीभही मागे जाते आणि जी वाट मोकळी ठेवायची तीच अरुंद होते. या दोहोंमधला सुवर्णमध्य शोधताना वेल्क्रो सोडण्याचा जो चर्रर्र आवाज रात्री अडीच वाजता होतो, त्यापुढे माझे घोरणे अंगाईसारखे वाटावे. शिवाय दर वेळी डोक्यावरच्या शिल्लक केसांतले दोन-चार त्यात जातात ते वेगळेच.

अशातच आई गावाहून आली. रात्री पाणी प्यायला उठली असता तिला उघड्या दारातून मी दिसलो: उताणा, नाक झाकलेले, हनुवटी पट्टीने वर बांधलेली. आमच्याकडे माणसाची हनुवटी अशी एकदाच बांधतात आणि तेव्हा तो माणूस तक्रार करायला उरलेला नसतो. छातीवर तिचा थरथरता हात पडताच मी दचकून जागा झालो आणि “आई” म्हणायला गेलो, तर “म्म्म” एवढेच निघाले. “अरे, बोल की काहीतरी!” ती किंचाळली. चर्रर्र. सगळा खुलासा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “तोंड मिटून झोप, हे लहानपणी किती वेळा सांगितलं होतं तुला!”

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला गेलो, तेव्हा आईही हट्टाने बरोबर आली. यंत्रातल्या नोंदी पाहून, हवेची गळती जवळजवळ थांबली, म्हणून डॉक्टर खूश झाले; मात्र रोज रात्री दोनच्या सुमारास यंत्र पाच मिनिटे बंद का पडते, हे काही त्यांना उलगडेना. मलाही उलगडेना.

“मी बंद करते,” शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, “त्याचा तो घेतोय का श्वास, ते बघायला नको?”