पंधरा तारीख आली की पोटात गोळा

कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे म्हणे. मग आमच्या कंपनीच्या गांजाचा हिशेब सरकारला देताना दर महिन्याला मलाच चोरट्यासारखं का वाटतं? मागच्या महिन्याचा रिपोर्ट १५ तारखेच्या आत. रोपं नगावर, सुका माल किलोवर, पॅक केलेला वेगळा, सुटा वेगळा. मागचा अखेरचा साठा या महिन्याच्या सुरुवातीशी जुळलाच पाहिजे! काल रात्री साडेअकरापर्यंत ३४० ग्रॅम शोधत बसले. नष्ट केलेल्या मालाची चिठ्ठी एका महाशयांच्या कोटाच्या खिशात निघाली, धुऊन इस्त्री केलेली. मिरच्या वाळल्या की वजन घटतं हे माझ्या आजीला कळायचं, एक्सेलला कोण समजावणार? वर आई फोनवर विचारते, "तुझं ते औषधी वनस्पतींचं कसं चाललंय गं?"