वाघोबा उचलून नेतो म्हणे!

आज नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या एसटीत पुढच्या सीटवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. रस्त्याकडेला झाडाखाली शेंदूर फासलेला वाघदेव दिसला आणि तो खिडकीला नाकच लावून बसला. "आजोबा, हा वाघ असा का रंगवलाय?" "वाघोबा आहे तो. गप्प बस, नाहीतर उचलून नेईल." जरा वेळ शांतता. मग, "देव आहे ना? मग मला कशाला नेईल?"

आजोबांनी मोबाइल काढून हातात दिला. संपला विषय.

इतका नेमका प्रश्न, आणि त्याच्या तोंडावर कार्टून! अहो, उत्तर त्या झाडाखालीच होतं. पेठ-सुरगाण्याकडे लाकडाच्या फळीवर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरतात. आपण वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतो, त्याच अश्विन वद्य द्वादशीला डोंगरात वाघबारस असते. गुराख्यांतला एक जण वाघ होतो, बाकीचे त्याला पळवतात, "पुन्हा आमच्या शिवारात येशील का?" म्हणून दरडावतात. म्हणजे देव आहे, आणि गुरं नेतोही. म्हणून तर त्याला मान द्यायचा आणि हद्दही सांगायची. सात वर्षांच्या पोराला हे कळतं. आपल्यालाच सांगायचा कंटाळा.

बरं, मान्य, निफाड-दिंडोरीच्या उसात लेकरं गेलीत, तिथल्या आजोबांची भीती खोटी नाही. पण मग कामाचं तरी सांगा. नाशकात लोक 'वाघ' म्हणतात तो बहुतेक वेळा बिबट्या असतो. वर्ष-दीड वर्ष उभा ऊस म्हणजे त्याला आडोसा, आणि वस्तीवर कुत्री, डुकरं आयती. तोड सुरू झाली की पिल्लं सापडतात. ती घरी आणायची नाहीत, वनखात्याला कळवायचं. ते पिल्लं क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, माणसं लांब गेली की बहुतेकदा रात्रीत आई येऊन घेऊन जाते. अंधार पडल्यावर पोरांनी एकटं बाहेर जायचं नाही, उसाकडेला उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. 'उचलून नेईल' यातलं काय शिकवतं?

आणि कुतूहल असेलच तर उसाकडे नका जाऊ, पार्किंगमधल्या वाघाच्या मावशीपासून सुरुवात करा. ओलसर मातीत मांजराचा ठसा शोधा: चार बोटं, मागे गादी, गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे, नखं नाहीत. नखं उमटली तर बहुधा कुत्रं. पुठ्ठ्याची चार-पाच सेंटिमीटर उंच पट्टी ठशाभोवती गोल रोवा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस सोडा. पाणी वरून ओतलं तर गुठळ्या होतात, भराभर ढवळलं तर बुडबुडे येऊन ठशाला भोकं पडतात. थेट ठशावर न ओतता कडेने सोडा. अर्धा तास हात लावायचा नाही (हे सगळ्यात अवघड, सगळे साचे इथेच मोडतात). धुवायचा दुसऱ्या दिवशी. मांजराचा ठसा तीनेक सेंटिमीटर भरतो, बिबट्याचा सात-आठ. शेजारी वहीत तेवढं वर्तुळ काढून दाखवा.

आजोबांवर चिडून काय उपयोग, त्यांनाही लहानपणी कुणीतरी असंच गप्प केलं असणार. करंजाळीला दोघं उतरले. पोराच्या हातात मोबाइल होता, पण मान मागे वळलेली, त्या झाडाच्या दिशेला.