फोन केला म्हणून बिघडलं म्हणे!

आज दुपारी उद्यमनगरात कारखान्यावर डबा उघडला, एका हातानं भाकरी मोडत दुसऱ्या हातानं मोबाईल बघितला, आणि घास तिथंच राहिला. अकरावीच्या पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज : "त्या रात्री एका मुलाने घाबरून घरी फोन केला नसता तर एवढा बोभाटा झाला नसता. मुलांचं मुलांनी निस्तरलं असतं. संबंधितांनी आपल्या पाल्याला समज द्यावी." त्याखाली अंगठे आणि जोडलेले हात. सगळे आपल्याच ओळखीचे.

तो पाल्य म्हणजे माझा भाचा. समज कुणाला द्यायची ते ग्रुपवर लिहायला लागलो तर शिव्या येतील, म्हणून इथं लिहितोय. लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भाचा आमच्याकडं शिकायला असतो. आक्का आणि दाजी गडहिंग्लजला. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून सायन्सला कोल्हापुरात आणला. गेल्या शनिवारी, सहामाही संपली म्हणून, सहा पोरांनी एका मित्राच्या बंगल्यावर रात्री राहायचं ठरवलं. पिझ्झा, प्लेस्टेशन, मॅच. मी नाही म्हटलं नाही. सोळा वर्षांचं पोरगं मित्राकडं एक रात्र राहणार नाही तर कधी राहणार? फक्त त्या घरी फोन केला. मुलाच्या आईनं उचलला. "पाठवा की भाऊ, काही काळजी करू नका." झालं. आम्ही दोघं नवरा-बायको बेळगावला लग्नाला चाललोय आणि रात्री घरात मोठं माणूस कुणी नसणार आहे, हे काही त्या बोलल्या नाहीत.

रात्री पावणेदोनला भाच्याचा फोन. बाथरूमात उभा राहून, आवाज दाबून बोलत होता. "मामा, न्यायला येतासा काय? हितं काय बरोबर चाललेलं नाही."

काय झालं, कुणी केलं, तू काय केलंस, यातलं मी काही विचारलं नाही. गेटजवळ थांब म्हटलं आणि ओम्नी काढली.

पोचलो तर भाचा पायरीवर बूट घालून बसलेला. आत तिघं. एक सोफ्यावर आडवा, वास दारापर्यंत. आणि दोघं गायब. "पन्हाळ्याला गेलेत मामा, धुकं बघायला." रात्री दीडला! वीस किलोमीटर, पोटात बिअर, घरातली मोपेड, हेल्मेट नाही, लायसन नाही. मोपेडची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर लटकत होती आणि बिअर फ्रीजमध्ये होती. कुणी काही फोडलं नाही, कुणी काही चोरलं नाही. सगळं हाताशी ठेवलेलं होतं.

भाच्याला घेऊन शिवाजी पूल ओलांडला. वाटेत तो त्या दोघांना फोन लावत होता. केर्लीच्या अलीकडं असताना एकदाचा उचलला : "पडलोय." खडीवरून घसरले होते. चालवणारा त्या घरचा मुलगा, त्याला खरचटलेलं. मागं बसलेल्याचं कॉलरबोन मोडलेलं, अंधारात रस्त्याकडेला बसून कण्हत होता. आता पुढचं नीट वाचा. पडून वीस मिनिटं झाली होती. दोघांच्या खिशात चालू मोबाईल. १०८ ला फोन? नाही. घरी? नाही. वीस मिनिटं काय करत होता विचारलं, तर म्हणे घरी काय सांगायचं ते ठरवत होतो.

"मुलांचं मुलांनी निस्तरलं असतं" म्हणणाऱ्या साहेब, हे असं निस्तरत होते ती.

माझा राग पोरांवर नाही. सोळाव्या वर्षी पोरं येडेपणा करणारच. बिअर चाखून बघणार, गाडी पळवणार, एकानं म्हटलं की सगळी निघणार. पण बोल कुणाला लावताय? सहा जणांत ज्या एकाच्या डोक्यानं काम केलं, त्यालाच? तो गाडीवर बसला नाही. त्यानं फोन केला. त्याच्या फोनमुळं मी बाहेर पडलो, आणि मी बाहेर पडलो म्हणून ते मोडक्या हाडाचं पोरगं दवाखान्यात पोचलं. नाहीतर उजाडेपर्यंत त्यांची गोष्टच रचून झाली नसती.

आणि बक्षीस काय मिळालं? पोरांनी त्याला फुटबॉलच्या ग्रुपातनं काढलं. गडहिंग्लजचं पोरगं, फुटबॉल म्हणजे त्याचा जीव. रविवारपासून मैदानावर गेलेला नाही. पोरांचं मी समजू शकतो, ती आठ दिवसांत विसरतील. पण त्यांच्या बापांनी त्यावर अंगठा उमटवावा?

जरा कायद्याचंही सांगतो, कारण मेसेज टाकणारे गृहस्थ चांगले शिकलेले आहेत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं म्हणायची सोय आहे, पण ते तुम्ही सिद्ध करायचं. किल्ली खिळ्यावर लटकवून काय सिद्ध करणार? सोळाव्या वर्षी लायसन मिळतं म्हणून कुणीतरी ग्रुपवर लिहिलंय. ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या दारातल्या मोपेड १०० च्या वरच्या आहेत हो. दारूचं तर विचारूच नका. आपल्या राज्यात बिअरलासुद्धा एकवीस पूर्ण लागतात. बाल न्याय कायद्यात लहान मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. फ्रीजमध्ये ठेवून गावाला जाणं हे देण्यात धरायचं की नाही ते वकिलांनी बघावं. माझ्या लेखी धरायचं.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर चिरडले. त्याला निबंध लिहायला सांगून जामीन दिला तेव्हा याच मंडळींनी स्टेटस ठेवले होते, बापाला आत टाका म्हणून. मीही ठेवला होता. आता आपल्या गल्लीत मोपेड आहे, पोर्शे नाही, आणि कुणी मेलं नाही, एवढाच काय तो फरक. लगेच "पोरं आहेत, होतंच" झालं.

लिहिता लिहिता पाणी प्यायला उठलो होतो. थोडा शांत झालोय.

त्या मुलाच्या आईबद्दल मला काही वाईट लिहायचं नाही. पहाटे बेळगावहून त्या थेट दवाखान्यात आल्या. अंगावर लग्नातला शालू, केसात सुकलेला गजरा. स्वतःच्या मुलाकडं न बघता आधी त्या दुसऱ्या मुलाच्या आईजवळ जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. नंतर दोन दिवस दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरून गेला. लग्नाच्या गडबडीत सांगायचं राहिलं असेल, हेही धरून चालतो. पण मग आज त्यांच्याच घरातून हा मेसेज यावा? होय, त्यांच्याच घरातून. सगळ्यांना कळलंच असेल, उगाच झाकून काय ठेवायचं.

काहीजण म्हणतील, आमच्या वेळी नव्हतं असलं काही, आम्ही कुठंही झोपायचो. झोपायचो की! गणपतीत मंडपात, उन्हाळ्यात कुणाच्याही गच्चीवर, कोजागिरीला तर घरी कोण परततंय. पण मंडपात चार काका-मामा पत्ते कुटत जागे असायचे. गच्चीवर कुणाची तरी आजी असायची, तिला झोप नसायची. आपण मोकळे होतो असं आपल्याला वाटायचं, कारण राखण करणारी माणसं डोळ्यांवर यायची नाहीत. आता बंगले आहेत, सीसीटीव्ही आहेत, आणि आत माणूस नाही.

दुसऱ्याची पोरं सांभाळायचं हे गाव आहे. दसरा चौकातनं जाताना बघा, अजून बोर्डिंगं उभी आहेत. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, एकामागून एक. खेड्यापाड्यातल्या आईबापांनी पोरं कोल्हापुरात पाठवली ती कुणीतरी बघेल या भरवशावर. आणि याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड बापाला, पोराला नाही. आक्कानं भाचा माझ्याकडं ठेवला तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, "तुमच्या हवाली." त्या रात्री ते पोरगं गाडीवर बसलं असतं तर मी दाजींना काय तोंड दाखवलं असतं?

मी काही फार शिकलेला माणूस नाही. लेथ चालवतो. कामावर नवीन पोरगं आलं की मी त्याला आधी चक दाखवत नाही, टूल दाखवत नाही. आधी मशीन बंद करायचं लाल बटण दाखवतो. काहीही वेगळं वाटलं, आवाज वेगळा आला, भीती वाटली, की दाब. मशीनवरचा जॉब वाया गेला तरी चालेल, विचारणार नाही. आणि एखाद्यानं उगाच दाबलं तरी मी त्याच्यावर ओरडत नाही. कारण एकदा ओरडलो की पुढच्या वेळी तो विचार करत बसणार, आणि तेवढ्यात बोट जाणार. भाचा कोल्हापुरात आला त्या दिवशी त्यालाही हेच सांगितलं होतं : कुठनंही, कितीही वाजता, कसल्याही अवस्थेत फोन कर, मी येणार आणि त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. त्यानं बटण दाबलं. आता अख्खा ग्रुप मिळून त्याला ओरडायला निघालाय. मग पुढच्या वेळी कोण दाबेल? तुमचं पोरगं दाबेल?

पोरांना स्वतःचं स्वतः निभवायला शिकवलं पाहिजे, सारखं मागं मागं करून चालत नाही, हे मान्य. अठरा झाल्यावर पुण्या-मुंबईला जाणारच आहेत. मान्य आहे म्हटलं ना. पण आपल्याला झेपत नाही हे ओळखून मोठ्या माणसाला बोलावणं यात निभवणं नाही तर काय आहे? मोठमोठ्या बाप्यांना जमत नाही ते. हा मेसेज लिहिणाऱ्यांना तरी कुठं जमलंय.

आणखी एक, ग्रुपवर कुणी बोलणार नाही म्हणून. हे सगळं मुलांचं चाललंय. नववीतली माझी पोरगी काल जेवताना म्हणाली, "दादा राहायला गेला तेव्हा तुम्ही एक फोन केला आणि सोडलं. मी विचारलं असतं तर?" हिनं माझ्याकडं बघितलं. मी भातावर आमटी वाढून घेतली. बिअर पिऊन पन्हाळ्याला निघाले कोण? मुलगे. आणि उद्यापासून रात्री राहायचं बंद कुणाचं होणार? मुलींचं. लिहून ठेवा. दोन घरांत तर झालंही, मुलं खुशाल फिरतायत आणि बहिणींच्या क्लासची वेळ अलीकडं आणली. काय संबंध?

तर आमच्या घरापुरतं ठरलंय ते सांगतो. येत्या शनिवारी पोरीच्या तीन मैत्रिणी आमच्याकडं राहायला येणार आहेत. तिघींच्या घरी मी स्वतः फोन केला. आम्ही दोघंही घरी आहोत, रात्रभर आहोत, गाड्यांच्या किल्ल्या माझ्या उशाला आहेत, आणि तुमच्या मुलीनं मध्यरात्री घरी यायचं म्हटलं तर कारण न विचारता सोडायला येणार. एका वहिनींनी विचारलं, एवढं सगळं कशाला सांगताय भाऊ? म्हटलं, तुम्ही विचारायच्या आत सांगतोय. तुम्हीही विचारत जा. घरात रात्री कोण आहे, हे विचारण्यात कसली आलीय लाज? लग्नाची बैठक असली की सात पिढ्या विचारतो आपण.

भाच्याला त्या रात्री खोलीत झोपायला सांगितलंय, मुलींच्या मध्ये लुडबुडायचं नाही म्हणून. पांढरा रस्सा मात्र तोच करणार आहे, आक्काकडनं फोनवर विचारून. मैदानावर सध्या जात नाही, वेळ आहे त्याला. ज्या बापांना वाटतंय की आपल्या पोराचं चुकलं, त्यांनी पोराला रविवारी सकाळी फुटबॉल घेऊन आमच्या दारात पाठवावं. माफी वगैरे नको, नुसती हाक मारली तरी येईल तो.

आणि हो, ग्रुपवर मी काही लिहिलेलं नाही आणि ग्रुप सोडणारही नाही. या पोस्टचा स्क्रीनशॉट तिकडं नेणारे दोघे-तिघे कोण ते मला माहीत आहे. न्या. फक्त पूर्ण न्या, अर्धा कापून नको.