खातं कोणतं विचारलं, तं हासले

विधिमंडळाचं 2024 चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं एकदाचं. सिव्हिल लाइन्समधले बॅरिकेड उचलले, रविभवनच्या कॉटेजवरच्या पाट्या उतरल्या, ऑटोवाले पुन्हा सरळ रस्त्यानं जायला लागले. 16 डिसेंबरला सुरू आणि 21 ला खतम. सहा दिवस. आमच्याकडे लग्नातले पाहुणेही यापेक्षा जास्त मुक्काम करतात.

त्या सहा दिवसांतले दोन दिवस माझा मावसभाऊ आमच्या घरी होता. ब्रह्मपुरीकडचा. अंशतः अनुदानित शाळेत शिक्षक आहे, म्हणजे सरकार टप्प्याटप्प्यानं देतं त्या टप्पा अनुदानाच्या पायरीवर इतकी वर्षं उभा आहे की आता पायरीचीच सवय झाली. दर डिसेंबरला तो मोर्चाला येतो. यशवंत स्टेडियमवरून निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतात, तिथं बसायचं, घोषणा द्यायच्या, मग चार-पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात जातं आणि कोणीतरी मंत्री निवेदन घेतो. या वेळी भाऊ शिष्टमंडळात होता. रात्री घरी आला, पाय धुतले, जेवायला बसला आणि म्हणाला, "भाऊ, निवेदन घेतलं त्यायनं. चांगलं बोलले. चहा पाजला. पण साहेब, तुमचं खातं कोणतं विचारलं, तं हासले."

हसणार नाही तर काय करणार! बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. 15 डिसेंबरला, रविवारी, इथल्याच राजभवनावर 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला. सोमवारी अधिवेशन सुरू. आणि खातेवाटप? ते 21 ला रात्री, सभागृह गुंडाळल्यावर. म्हणजे अख्खं अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी चालवलं. समोर विरोधी पक्षनेताही नाही, कारण 288 च्या विधानसभेत त्या पदासाठी एका पक्षाचे निदान 29 आमदार हवेत असा संकेत आहे, आणि विरोधातला सर्वांत मोठा पक्ष 20 वर अडकला. एकीकडे खातं नाही, दुसरीकडे नेता नाही. टी-पॉइंटवर मात्र लोक होते, हाव, ते होते.

आता कोणी म्हणेल, जनतेनं कौल दिला, तुझं काय दुखतंय? कौल दिलाच की. भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. बेरीज 230. लोकसभेला सहा महिन्यांपूर्वी याच महाराष्ट्रानं महायुतीला 48 पैकी 17 वर थांबवलं होतं. लाडक्या बहिणीचे पंधराशे, शेतकऱ्याचं वीजबिल, काँग्रेसवाल्यांचा फाजील आत्मविश्वास, ज्याला जे कारण आवडेल ते त्यानं घ्यावं. मला त्यात पडायचं नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

जरा नागपूर शहराचे सहा मतदारसंघ बघा. 2019 ला काय लागलं? दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य भाजपकडे. पश्चिम आणि उत्तर काँग्रेसकडे. चार-दोन. 2024 ला काय लागलं? तेच चार भाजपकडे, तेच दोन काँग्रेसकडे. एक जागा इकडची तिकडे नाही. म्हणजे आम्ही नागपूरकर दोन्ही वेळा बूथवर जाऊन शब्दशः तेच उत्तर देऊन आलो. आणि या दोन उत्तरांच्या मधे काय काय झालं? पहाटेचं सरकार झालं, ते तीन-चार दिवसांत पडलं. महाविकास आघाडीचं सरकार आलं, शिवसेना फुटून सुरत-गुवाहाटी करत ते गेलं. 2 जुलै 2023 ला राष्ट्रवादीही फुटली. धनुष्यबाण एका घरातून दुसऱ्या घरात गेला, मग घड्याळही गेलं. त्या पाच वर्षांत चारही मोठे पक्ष सत्तेत बसून झाले. मत कोणालाही दिलेलं असो, कधी ना कधी ते सत्तेत होतंच. ही सत्ताबदलाची सगळी कामं मतदाराला न विचारता झाली. विचारलं ते फक्त शेवटी, आणि त्याला आम्ही म्हटलं, "मागच्या वेळी जे सांगितलं तेच."

मी दक्षिण-पश्चिमचा मतदार. फडणवीसांचा मतदारसंघ. 2019 ला माझं मत त्यांच्या विरोधात होतं, लपवायचं काही कारण नाही. समोर काँग्रेसकडून आशिष देशमुख उभे होते. 2014 ला काटोलमधून भाजपचेच आमदार झालेले, मग वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर राजीनामा दिलेला. म्हटलं, माणूस राजीनामा तर देतो! दिलं मत. 49 हजारांनी पडले. 2023 ला काँग्रेसनं त्यांना काढलं, ते परत भाजपमध्ये गेले आणि आता सावनेरहून भाजपचे आमदार आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. सावनेरच्या लोकांनी रीतसर निवडून दिलंय. पण माझं 2019 चं मत आज नेमकं कोणाच्या खात्यात जमा आहे, हे मला एखाद्या पतपेढीच्या पासबुकासारखं कोणीतरी छापून द्यावं.

पक्षांतर म्हणजे आजचंच काहीतरी आहे, आधी सगळे साधुसंत होते, असं मी म्हणणार नाही. नागपूरनं तर हा खेळ पार 1991 मध्ये घरबसल्या पाहिला. याच हिवाळी अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेना सोडून बाहेर पडले आणि सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार इथंच झाला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले की कायद्यानं चालायचं. 2003 मध्ये घटनादुरुस्ती करून ती पळवाट बुजवली, आता दोन तृतीयांश हवेत आणि दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवं. पण आमची माणसं हुशार. त्यांनी विलीन व्हायचं टाळून सरळ "आम्हीच मूळ पक्ष" म्हटलं. निवडणूक आयोगानं मान्य केलं, विधानसभा अध्यक्षांनीही केलं. आणि 1991 नंतर थेट 33 वर्षांनी नागपुरात मंत्र्यांचे शपथविधी झाले, तर यादीत भुजबळांचंच नाव नाही. ज्याच्या लग्नात हा मांडव पहिल्यांदा पाहिला, त्यालाच या वेळी पत्रिका नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच लागली. निकाल 23 नोव्हेंबरला होता. नागपूरकराला ही तारीख सांगावी लागू नये. 1994 मध्ये याच तारखेला, अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली. बाया, लेकरं. अनुसूचित जमातीचा दाखला मागायला आले होते. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आपण रोज त्यावरून जातो आणि सिग्नलला हॉर्न वाजवतो. 2024 ला त्याला तीस वर्षं झाली. मी दुपारी स्मारकाकडे गेलो तर लोक खेड्यांतून फुलं घेऊन आलेले, आणि मागच्या रस्त्यानं गुलाल उधळत गाड्या चाललेल्या. कोणाचं चुकलं असं नाही. निकाल लागला की गुलाल उडणारच. पण हिशेब करा. 1994 ला काँग्रेसचं सरकार होतं, पुढच्याच वर्षी युती आली, मग आघाडी, मग परत युती, मग आघाडी, मग महायुती. 2018 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, 2020 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. दाखला अजून तिथंच.

नागपूर करार 1953 चा. तेव्हा राजधानीचं शहर असलेलं नागपूर मुंबईच्या राज्यात जायचं, तर बदल्यात वर्षातून एक अधिवेशन इथं, असं त्यात ठरलं होतं. आता त्यात आम्हाला नक्की काय मिळतं ते बघतोच आहे. हॉटेलवाल्यांना धंदा, आम्हाला ट्रॅफिक, आणि संत्र्याची बर्फी मुंबईला. तुम्ही म्हणाल हे नेहमीचं रडगाणं. असेल. पण निदान ज्याच्यासमोर रडायचं त्याचं खातं तरी ठरलेलं असू द्या ना भाऊ!

21 ला रात्री खातेवाटपाची यादी आली तेव्हा मावसभाऊ गावी पोचलेला होता. त्याचा लगेच फोन. "भाऊ, शालेय शिक्षण कोणाकडे गेलं?"

"दादा भुसे."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मागं पोरगी पाढे म्हणत होती.

"मंग आपलं निवेदन ज्यायनं घेतलं, त्यायले काय भेटलं?"

मी यादी पाहून सांगितलं. शिक्षणाशी त्या खात्याचा काडीचा संबंध नव्हता.

"बरं," तो म्हणाला, "झेरॉक्स हाय माझ्यापाशी."